न भाजलेला दगड

(मोहर्ली येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

मोहर्लीत सिमेंटवर व्याख्यान ठेवायचं म्हणजे धाडसच. इथं येणारा माणूस वाघ पाहायला येतो. परत गेल्यावर त्याला घरचे एकच प्रश्न विचारतात, दिसला का? त्यामुळे आयोजकांनी मला विषय विचारला आणि मी 'चुनखडीची भुकटी' असं सांगितलं, तेव्हा फोनवर जरा शांतता पसरली होती. पण ताडोबाच्या गेटाच्या आत जाण्याआधी अलीकडे एकदा नजर टाका. कुडाच्या भिंती गेल्या, कवेलूंची छपरं गेली. रिसॉर्ट झाले, होम-स्टे झाले, घराघरावर स्लॅब पडले, गल्लीत सिमेंटचा रस्ता आला. हे सगळं बोरीतून बाहेर आलं आणि ती बोरी बहुतेक वेळा आपल्याच जिल्ह्याची असते.

चंद्रपूर सोडून वर्धा नदी ओलांडली की राजुरा-कोरपन्याचा पट्टा लागतो. आवारपूर, उपरवाही, गडचांदूर, नारंडा. नदीच्या अलीकडे घुग्घुस. आवारपूरला १९८३मध्ये लार्सन अँड टुब्रोने आपला पहिला सिमेंट कारखाना उभा केला, तो आज अल्ट्राटेककडे आहे. गडचांदूरच्या कारखान्याने तर जवळच्या माणिकगड किल्ल्याचंच नाव घेतलं. एवढे कारखाने इथं आले ते आपल्यावरच्या प्रेमाने नव्हे, जमिनीखाली चुनखडी आहे म्हणून. भूशास्त्रज्ञ या खडकांना पेनगंगा गट म्हणतात. शाळेत आपल्याला चुनखडी म्हणजे शंखशिंपल्यांचा थर असं शिकवतात. हा दगड त्याहून जुना. तो समुद्राच्या तळाशी साचत होता तेव्हा शंखशिंपले घडवणारे जीव अजून जन्माला यायचे होते.

आता या दगडाचं कारखान्यात काय होतं ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. चुनखडी म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. शुद्ध दगड १०० किलो घेतला आणि तापवला, तर ९०० अंशांच्या आसपास तो फुटतो. ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन आकाशात जातो. चंद्रपूरच्या परकोटासाठी, जटपुरा आणि पठाणपुरा वेशींसाठी गोंड राजांच्या काळात जो चुना लागला, तोही दगड असाच भाजून केलेला. फरक इतकाच की तो चुना भिंतीत बसल्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत शोषून घेतो आणि पुन्हा दगड होतो. सिमेंटवाले तिथं थांबत नाहीत. ते चुनखडीत माती, लोहमाती मिसळून ती १,४५० अंशांपर्यंत नेतात. मग भट्टीतून काळपट राखाडी गोळे बाहेर पडतात. त्यांना क्लिंकर म्हणतात. हे गोळे थोड्या जिप्समबरोबर दळले की झालं सिमेंट.

एक टन क्लिंकरला साधारण दीड टन चुनखडी लागते. त्यातून केवळ दगड फुटल्यामुळे ५०० किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो. भट्टीत जळणाऱ्या कोळशाचा धूर वेगळा, तो आणखी सुमारे ३०० किलो. कोळशाच्या जागी कचरा जाळा, सूर्याची उष्णता वापरा, काहीही करा, पहिला आकडा हलत नाही. तो दगडाच्या पोटातच आहे. सिमेंटचं दुखणं इतर कारखान्यांहून वेगळं आहे ते यामुळे.

त्यावर एक उपाय इतका साधा आहे की ऐकणाऱ्याला फसवणूक वाटते. दगड भाजूच नका. थोडा दगड तसाच, कच्चा, क्लिंकरबरोबर दळा आणि बोरीत भरा.

एका बांधकामावर मी हे बोलत होतो. तिथल्या मिस्त्रीने घमेलं खाली ठेवलं आणि विचारलं, "साहेब, सिमिटात गोटा दरून टाकतेत म्हनता, मंग आमी पैसे गोट्याचे देतो का सिमिटाचे?" सिमेंटच्या परिषदांमधून मी बरेच प्रश्न ऐकले आहेत. इतका नेमका प्रश्न फार थोड्या वेळा ऐकला.

त्याचं उत्तर देतो. बोरीतला क्लिंकर सगळाच्या सगळा कामाला येतो असं आपण धरून चालतो. तसं नसतं. त्याचे जाडसर कण पाणी लागल्यावर वरवर विरघळतात आणि आतला गाभा वर्षानुवर्षं कोरडा राहतो. म्हणजे १,४५० अंशांवर भाजलेला, इतका कोळसा खाल्लेला माल आपण निव्वळ भरती म्हणून वापरतो. चुनखडी क्लिंकरपेक्षा मऊ असते. दोन्ही एकत्र दळले की ती आधी पीठ होते आणि तिचे बारीक कण क्लिंकरच्या मोठ्या कणांमधल्या जागांत जाऊन बसतात. दगडी भिंत रचताना गवंडी मोठ्या दगडांच्या फटीत चिपा ठोकतो ना, तसं. भिंत चिपांवर उभी नसते, पण चिपांशिवाय ती घट्टही होत नाही.

दुसरी गोष्ट अधिक गमतीची. पाणी घातल्यावर सिमेंटातून जो चिकट पदार्थ तयार होतो, ज्याने काँक्रीट एकजीव होतं, त्याला धरून वाढायला पृष्ठभाग लागतो. चुनखडीचे कण तो पुरवतात. म्हणून प्रमाण बेताचं असेल तर पहिल्या एक-दोन दिवसांची ताकद कमी होण्याऐवजी वाढलेलीही दिसते. आणि तिसरी गोष्ट रसायनाची. फार वर्षं या भुकटीला निष्क्रिय भरती समजत असत. ते पूर्ण खरं नाही. क्लिंकरमध्ये ॲल्युमिनाचा जो भाग असतो त्याच्याशी कार्बोनेटची थोडी गाठ पडते. त्यातून कार्बोॲल्युमिनेट नावाची संयुगं बनतात. ती जागा जास्त व्यापतात, म्हणजे काँक्रीटमधली छिद्रं कमी होतात. पण हा 'थोडी' शब्द लक्षात ठेवा. नेहमीच्या सिमेंटात ॲल्युमिना मर्यादित असतं, त्यामुळे काही टक्क्यांपुढची चुनखडी खरोखरच नुसती बसून राहते. १५ टक्क्यांच्या पुढे गेलात की क्लिंकर पातळ झाल्याचं चाचणीचे क्यूब फोडताना कळतं.

म्हणजे मिस्त्रीला मी काय सांगितलं? तू पैसे ताकदीचे देतोस. ४३ ग्रेडच्या सिमेंटने प्रयोगशाळेत २८ दिवसांनी ४३ मेगापास्कलचा दाब सोसलाच पाहिजे. आत काय आहे यापेक्षा तो आकडा गाठला की नाही आणि आत काय आहे हे बोरीवर छापलं की नाही, हे दोन प्रश्न तू विचार. त्याला ते पटलं की नाही ठाऊक नाही. तो म्हणाला, "छापतेत बारीक अक्षरात."

हेही खरंच. आणि भेसळ हा काही हवेतला बागुलबुवा नाही. जुन्या बोऱ्यांत भलतंच भरून विकणारे असतात, हे बांधकामावर राबणारा प्रत्येक माणूस जाणतो. फरक पकडता येतो. सिमेंटचा नमुना भट्टीत लाल होईपर्यंत तापवला की चुनखडीतला वायू उडून जातो आणि वजन घटतं. ५ टक्के चुनखडी असेल तर ती घट सव्वादोन टक्क्यांच्या आसपास भरते. या घटीला मानकात कमाल मर्यादा घातलेली असते. मर्यादेबाहेर गेलं की माल नापास. म्हणजे ही भुकटी लपत नाही. लपतं ते तपासणीच न करणं.

आता आपल्या देशाकडे येऊ. युरोपातल्या मानकात चुनखडीचं सिमेंट हा रीतसर प्रकार आहे, ६ ते २० टक्क्यांचा एक आणि २१ ते ३५ टक्क्यांचा दुसरा. कॅनडाने २००८मध्ये १५ टक्क्यांपर्यंत मुभा दिली, अमेरिकेच्या मानकात २०१२मध्ये तसा वर्ग आला आणि आज तिथं विकल्या जाणाऱ्या सिमेंटपैकी निम्म्याहून अधिक त्या जातीचं आहे. भारतात साध्या पोर्टलँड सिमेंटच्या आयएस २६९ या मानकात २०१५च्या आवृत्तीनुसार चुनखडी फक्त ५ टक्क्यांपर्यंत चालते. तीही 'कामगिरी सुधारणारा घटक' या नावाने, राख, स्लॅग वगैरे इतर पदार्थांच्या रांगेत.

आपण मागे का? काही जण याला सरकारी सुस्ती म्हणतात. मला तसं वाटत नाही. आपल्याकडे राख होती. भारतीय कोळशात ३० ते ४० टक्के राख निघते आणि ती कुठं टाकायची हा प्रश्न दगडाच्या प्रश्नापेक्षा मोठा होता. चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता आज २,९२० मेगावॅट आहे. त्याच्यासाठी बांधलेल्या इरई धरणाचं पाणी तुम्हाला मोहर्लीच्या वाटेवर दिसतं. त्या केंद्राची राख नदीत जाते, शेतात उडते यावर या जिल्ह्यात किती भांडणं झाली ते मी सांगायला नको. सिमेंटने त्या राखेला जागा दिली. राखेच्या सिमेंटात १५ ते ३५ टक्के राख चालते आणि आज गावातल्या दुकानातली बहुतेक बोरी तीच असते. राख चुन्याशी सावकाश रासायनिक क्रिया करते आणि महिन्या-दोन महिन्यांनी काँक्रीट जास्त भरीव होतं. चुनखडीत हा गुण नाही. तेव्हा निवड करायचीच तर राख आधी, हे आपल्या मानकवाल्यांचं गणित त्या काळासाठी बरोबर होतं. शिवाय सिमेंटलायक चुनखडी हा काही न संपणारा साठा नव्हे. ती भट्टीत घालण्याआधी पिठात का घालायची, ही शंकाही होती.

ही शंका जरा हिशोबाने पाहू. ५० किलोच्या बोरीत ५ किलो क्लिंकर काढून ५ किलो चुनखडी घातली असं धरा. ५ किलो क्लिंकरसाठी साडेसात किलो दगड खाणीतून काढावा लागला असता. त्याऐवजी ५ किलो लागला. म्हणजे दगड अडीच किलो वाचला आणि कार्बन डायऑक्साइड सुमारे चार किलो वाचला. धूर चांगला कमी झाला, खाण मात्र थोडीच वाचली. जे कोणी सांगतील की चुनखडीच्या भुकटीने जंगल वाचेल, त्यांना हे गणित दाखवा. ताडोबातून दक्षिणेला तेलंगणातल्या कवलपर्यंत वाघ ज्या वाटेने जातात ती राजुरा-जिवतीच्या बाजूने जाते, आणि चुनखडीच्या खाणीही त्याच बाजूला आहेत. ताडोबाच्या उशाला लोहाऱ्याच्या कोळसा खाणीचा प्रस्ताव २००९-१०च्या सुमारास मागे पडला, तो सिमेंटच्या रेसिपीमुळे नव्हे. माणसं उभी राहिली म्हणून. रेसिपीकडून तिच्या आवाक्यातलंच मागावं.

तरी खाणीच्या बाबतीत एक मुद्दा आहे, आणि आपल्या जिल्ह्यासाठी तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. भट्टीसाठी दगड निवडताना चुन्याचं प्रमाण कमी पडलं, सिलिका जास्त झाली, मॅग्नेशियम वाढलं की तो दगड बाजूला पडतो. मॅग्नेशियमची अडचण अशी की भट्टीत भाजलं गेलेलं मॅग्नेशियम ऑक्साइड काँक्रीटमध्ये काही वर्षांनंतर फुगतं आणि तडे पाडतं. पण जो दगड भाजायचाच नाही, त्याच्यातलं मॅग्नेशियम कार्बोनेटच राहतं, तो फुगण्याचा धोका त्याला नाही. भुकटीसाठी कॅल्शियम कार्बोनेट ७५ टक्के असलं तरी मानक समाधानी असतं. पाहायचं ते त्यातल्या चिकणमातीचं आणि सेंद्रिय कचऱ्याचं प्रमाण. म्हणजे भट्टीने नाकारलेला, खाणीच्या कडेला ढिगाने पडलेला दगड भुकटीला चालू शकतो. आपल्या पट्ट्यात सिलिकायुक्त हलका दगड पुष्कळ आहे. तो वापरात आला तर त्याच खड्ड्यातून जास्त सिमेंट निघेल आणि नवा खड्डा थोडा उशिरा पडेल.

राखेचं मात्र पुढं काय? कोळशावरच्या वीज केंद्रांचे जुने संच बंद होत जाणार. वीज सूर्याकडे वळतेय. आज डोकेदुखी असलेली राख आणखी काही दशकांनी शोधावी लागेल. इथं चुनखडी परत येते, पण एकटी नाही, मातीला घेऊन.

स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या तंत्रविद्यापीठातल्या प्राध्यापक कॅरेन स्क्रिव्हनर, क्युबातले त्यांचे सहकारी आणि आपल्याकडे दिल्ली, मद्रास, मुंबईचे आयआयटी यांनी गेल्या दीड दशकात एका मिश्रणावर काम केलं. क्लिंकर जवळपास निम्मा, भाजलेली माती ३० टक्के, कच्ची चुनखडी १५ टक्के, उरलेलं जिप्सम. माती भाजायची ती ७०० ते ८५० अंशांवर, म्हणजे क्लिंकरच्या भट्टीपेक्षा कितीतरी कमी. आणि मातीच्या पोटात कार्बन नसतो, तिच्यातून नुसती वाफ निघते. मघाशी मी म्हणालो की नेहमीच्या सिमेंटात ॲल्युमिना कमी पडतं म्हणून चुनखडी बसून राहते. भाजलेली माती नेमकं ते ॲल्युमिना आणते. दोघांची जोडी जमली की १५ टक्के चुनखडी बरीचशी कामाला लागते. काँक्रीटमधली छिद्रं इतकी बारीक होतात की समुद्राकाठच्या मिठाला लोखंडापर्यंत पोचायला फार उशीर लागतो. भारतीय मानक ब्युरोने २०२३मध्ये आयएस १८१८९ या क्रमांकाने या सिमेंटचं मानक काढलं.

यासाठी मातीत केओलिनाइट हे खनिज साधारण ४० टक्के तरी हवं. पांढरी शुभ्र चिनी मातीच लागते असं नाही, चिनी मातीवाल्यांनी टाकून दिलेली, तांबूस झाक असलेलीही चालते. भद्रावतीचं नाव मातीच्या भांड्यांसाठी महाराष्ट्राला ठाऊक आहे, तिथला ग्रामोदय संघ कृष्णमूर्ती मिरमिरांनी उभा केला. कोळशाच्या थरांच्या वर-खाली येणारी माती खाणवाले आज मुरुमाबरोबर ढिगाऱ्यावर टाकतात. भद्रावती, वरोरा, पद्मापूर या बाजूच्या अशा मातीचे नमुने प्रयोगशाळेत पाठवणं याला काही फार पैसा लागत नाही. चंद्रपुरात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, मुलांना शेवटच्या वर्षाला प्रकल्प लागतात. दरवर्षी त्याच त्या विटांचे प्रकल्प करण्यापेक्षा हे करावं, असं मी प्राध्यापकांना सुचवतो. एकाच जिल्ह्यात चुनखडी, माती आणि राख असलेली ठिकाणं देशात थोडी आहेत.

आता जरा बांधणाऱ्यांशी बोलतो, कारण समोर मिस्त्री मंडळी बसलेली दिसताहेत आणि ती मघापासून घड्याळ पाहताहेत.

चुनखडीचं सिमेंट बारीक दळलेलं असतं. स्लॅब टाकल्यावर वर जे पाणी सुटतं ते याच्यात कमी सुटतं. पुण्या-नाशकात याचा फायदा होतो, चंद्रपूरच्या मे महिन्यात तोटा. इथं ४७ अंश तापमान नवीन नाही. वरचं पाणी सुटण्याआधीच उडून गेलं की तासा-दोन तासांत स्लॅबवर नकाशासारखे तडे दिसतात आणि दोष सिमेंटवर येतो. स्लॅब संध्याकाळी टाका, गिट्टीवर आधी पाणी मारा, सपाटी झाली की ताबडतोब ओलं गोणपाट किंवा प्लास्टिक अंथरा. पाणी मारण्याचं म्हणाल तर आयएस ४५६ हे काँक्रीटचं मानक साध्या सिमेंटला किमान ७ दिवस सांगतं. राखेचं किंवा मिश्र सिमेंट असेल, हवा कोरडी आणि तापलेली असेल, तर १० दिवस किमान आणि १४ दिवस उत्तम. बहुतेक ठिकाणी तिसऱ्या दिवशी पाण्याचा टँकर बंद होतो. तिथं तुम्ही जगातलं सर्वांत उत्तम सिमेंट आणलंत तरी उपयोग नाही.

दुसरं, लोखंडाखालचं काँक्रीटचं कव्हर. क्लिंकर कमी म्हणजे काँक्रीटमध्ये चुनाही कमी, आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरून लोखंडाचं संरक्षण लवकर घालवतो. स्लॅबला २० मिलिमीटर कव्हर लिहिलेलं असतं. विटेचे तुकडे ठेवून ते कसं भरतं हे आपण सगळे जाणतो. सिमेंटचे कव्हर ब्लॉक वापरा, ते फार खर्चाचं काम नाही.

तिसरं म्हणजे क्रशरची डस्ट ही चुनखडीची भुकटी नव्हे. काही जण हे ऐकून उद्या मिक्सरमध्ये डस्टची घमेली ओततील, म्हणून मुद्दाम सांगतो. कारखान्यातली भुकटी तपासलेली, क्लिंकरबरोबर मोजून दळलेली असते. क्रशरच्या डस्टमध्ये काय दगड आहे, किती माती आहे कुणालाच ठाऊक नसतं, आणि माती पाणी पिऊन बसते. मग मजूर जास्त पाणी ओततो आणि ताकद तिथंच संपते. वाळूच्या जागी चांगली धुतलेली क्रशसँड वापरणं वेगळं, त्यालाही बारीक कणांची मर्यादा मानकात आहे. भुकटी काँक्रीटमध्ये वेगळी घालताच येत नाही असं नाही. जपानात आकाशी काइक्यो हा प्रचंड झुलता पूल १९९८मध्ये सुरू झाला, त्याच्या दोऱ्या जमिनीत धरून ठेवणाऱ्या अजस्र काँक्रीटमध्ये चुनखडीची भुकटी वेगळी घातली होती. काँक्रीट आपोआप वाहावं, तापू नये म्हणून. पण तिथं प्रत्येक किलो मोजलेला होता.

आणि एक दूरचा धोका. इंग्लंडमध्ये १९९८मध्ये एम-५ महामार्गाच्या पुलांचे पाये मऊ होऊन चिखलासारखे झालेले सापडले. थंड, ओली, सल्फेटयुक्त माती आणि काँक्रीटमधलं कार्बोनेट यांच्यातून थॉमसाइट नावाचं संयुग बनतं. १५ अंशांच्या खालची थंडी त्याला मानवते, तेव्हा आपल्याकडे ती भीती बाळगायचं कारण नाही. पण कोळशाच्या खाणींच्या आसपास भूजलात सल्फेट वाढू शकतं आणि सल्फेट गरमीतही काँक्रीट खातं. पद्मापूरच्या बाजूला पाया घेत असाल तर विहिरीच्या पाण्याची तपासणी करून घ्या आणि तिथं साध्या सिमेंटऐवजी राखेचं वापरा.

राहिला पैशाचा प्रश्न, जो त्या मिस्त्रीने विचारला होता. क्लिंकर कमी झाला की कारखान्याचा कोळसा वाचतो, वीज वाचते, एकाच भट्टीतून जास्त बोऱ्या निघतात. राखेच्या सिमेंटच्या वेळी या बचतीतला किती भाग गिऱ्हाइकाच्या खिशात आला, हे जुन्या पावत्या काढून पाहा. मला फारसा आलेला दिसला नाही. नवं सिमेंट येताना निदान एवढं व्हावं, की बोरीवर क्लिंकर किती टक्के, चुनखडी किती, माती वा राख किती, हे मोठ्या अक्षरांत मराठीत छापलेलं असावं. ग्रामपंचायतीच्या आणि जिल्हा परिषदेच्या कामांना, रस्त्यांना, शाळाखोल्यांना दरवर्षी किती बोऱ्या लागतात ते तुम्हाला ठाऊक आहे. निविदेत ही अट घालायला मुंबईहून परवानगी आणावी लागत नाही. गावाने ठराव करून ती मागता येते. त्या मागणीचा मसुदा मी लिहून आणला आहे, तो सरपंचांकडे देतो.